पुण्याचा पाऊस दीड केबीचा, डाउनलोड पंचवीस एमबीचं

२६ मे २०२५ ला हवामानाच्या दोन मोठ्या बातम्या एकाच दिवशी आल्या. मान्सून मुंबईत पोचला, तोही ठरलेल्या तारखेच्या तब्बल दोन आठवडे आधी. आणि दिल्लीत 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. हे मॉडेल आपल्या पुण्यातलं आहे, पाषाणच्या आयआयटीएममध्ये तयार झालेलं. आधीचं मॉडेल देशाकडे १२ किलोमीटरच्या चौकोनांतून बघायचं, हे ६ किलोमीटरच्या चौकोनांतून बघतं. त्यासाठी पाषाणला 'अर्का' नावाचा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा सुपरकॉम्प्युटर आहे. पुण्यातली आणि नोएडातली यंत्रणा मिळून खर्च सुमारे ८५० कोटी रुपये. शिवाय 'मिशन मौसम'साठी दोन वर्षांचे २,००० कोटी वेगळे.

हे सगळं उद्याच्या पावसासाठी. मला आज कालच्या पावसाबद्दल लिहायचंय. म्हणजे जो पाऊस पडून गेला, मोजला गेला, ज्याचे आकडे सरकारने सगळ्यांसाठी जाहीर केलेत, तो पाऊस तुमच्या मोबाईलमधल्या किंवा लॅपटॉपमधल्या प्रोग्रॅमपर्यंत नेमका कसा पोचतो? प्रश्न किरकोळ वाटेल. पण "पुण्यात शंभर वर्षांतला सगळ्यात जास्त जून" असं सांगणारी रील, शेतीच्या ॲपमधलं "सरासरीपेक्षा २० टक्के कमी" हे वाक्य, कॉलेजचा फायनल इयर प्रोजेक्ट, अशा बऱ्याच गोष्टी याच आकड्यांवर उभ्या असतात. आणि आकडे आणायचं काम बहुतेक वेळा माणूस करत नाही, एक लायब्ररी करते.

लायब्ररी म्हणजे इथे आप्पा बळवंत चौकाच्या आसपासची पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड, जो आपण आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडतो आणि "१९०१ ते २०२४ चा पाऊस आण" असं एका ओळीत सांगतो. पुढची धावपळ ती करते. ती धावपळ कशी करायची हे लायब्ररी लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं, आणि त्याचा परिणाम आपल्यावर होतो.

सिमला ऑफिसातली फाईल

शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकातून तुम्ही शेकडो वेळा गेला असाल. नाव सिमला का, तर हवामान खात्याचं मुख्यालय आधी कोलकात्यात, मग सिमल्याला होतं आणि १९२८ मध्ये ते पुण्यात आलं. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण नोंदी ठेवण्याचं आणि हवामानाच्या अभ्यासाचं मोठं काम पुण्यातच राहिलं. देशाचा १९०१ पासूनचा रोजचा पाऊस चौकोनांमध्ये मांडलेला डेटा याच कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहे. फुकट, आणि कुठलंही खातं न उघडता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी थोडी कुरकुर करणार आहे.

हा डेटा बनतो कसा? देशभरातल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी घ्यायच्या आणि गणिताने त्या एका जाळीवर पसरवायच्या. २०१४ मध्ये 'मौसम' या नियतकालिकात हवामान खात्याच्या शास्त्रज्ञांनी ही पद्धत मांडली, तेव्हा ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या होत्या. जाळीचा प्रत्येक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण २७ किलोमीटरचा. पूर्व-पश्चिम १३५ चौकोन, दक्षिण-उत्तर १२९. एकूण १७,४१५.

आता थोडं गणित करू, मजा येईल. प्रत्येक चौकोनाचा एका दिवसाचा पाऊस म्हणजे एक आकडा, आणि तो फाईलमध्ये ४ बाइट जागा घेतो. म्हणजे एका दिवसाचे ६९,६६० बाइट. ३६५ दिवसांचे २,५४,२५,९००. झाली पंचवीस एमबीची एका वर्षाची फाईल. फाईलमध्ये नाव नाही, शीर्षक नाही, तारीख नाही. फक्त आकडे, एकामागे एक.

मला हवाय शिवाजीनगरचा चौकोन, म्हणजे १८.५ अक्षांश आणि ७३.७५ रेखांश. त्याचे वर्षाचे आकडे ३६५, गुणिले ४ बाइट, म्हणजे १,४६० बाइट. दीड केबी. तेवढ्यासाठी मी पंचवीस एमबी उतरवणार. १९०१ ते २०२४ अशी १२४ वर्षं हवी असतील तर डाउनलोड ३ जीबीच्या वर जातं, आणि त्यातला माझ्या कामाचा भाग १८१ केबी. व्हॉट्सॲपवर आलेला "शुभ सकाळ"चा फोटो एवढा असतो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर जगणाऱ्याचे दोन दिवस संपून तिसरा सुरू होईल.

मग लायब्ररी फक्त तेवढाच भाग का आणत नाही? इथून पुढे खरी निवड सुरू होते.

खिडकी आणि फळा

इंटरनेटवर एखादी गोष्ट मागायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली 'गेट'. हे चौकातला फळा वाचण्यासारखं आहे. पत्ता माहीत असला की कुणीही येऊन वाचावं, पत्ता मित्राला पाठवावा, मधल्या कुणी त्याची नक्कल करून ठेवावी. दुसरी 'पोस्ट'. हे सरकारी खिडकीत चिठ्ठी सरकवण्यासारखं. आत कोण बसलंय, तो काय करतोय, दिसत नाही. चिठ्ठी नीट भरली असेल तर कागद बाहेर येतो. तुम्ही ॲपमध्ये लॉगिन करता किंवा फॉर्म भरून 'सबमिट' दाबता, तेव्हा आत पोस्ट चालू असतं.

पावसाच्या डेटाचं पान खिडकीसारखं आहे. वर्ष निवडा, डाउनलोडचं बटण दाबा, फाईल येते. माणसासाठी हे छानच आहे. पण प्रोग्रॅमला बटण दिसत नाही. म्हणून 'आयएमडीलिब' नावाची पायथॉनची लायब्ररी काय करते, तर ब्राउझर जी चिठ्ठी सरकवतो तशीच चिठ्ठी स्वतः सरकवते. "वर्ष १९८३ द्या", "१९८४ द्या", असं एकेक. ही लायब्ररी सरकारने बनवलेली नाही. संशोधकांनी बनवून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे, आणि भारतातल्या पावसावर काम करणारी पोरं ती सर्रास वापरतात.

तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडते. डेटा आणणारी आज्ञा वेगळी आणि आणलेली फाईल उघडणारी आज्ञा वेगळी आहे. एकदा उतरवलं की फाईल तुमच्याकडे, जशी सिमला ऑफिसातून आली तशीच. दहा वेळा ग्राफ काढा, दहा वेळा डाउनलोड होत नाही. नेट नसलं तरी काम चालतं. बऱ्याच चकचकीत लायब्ररी हे दोन्ही एकात करतात, आणि मग ग्राफचा रंग बदलला तरी बिचारा सर्व्हर पुन्हा पंचवीस एमबी पाठवत बसतो.

पण चिठ्ठी सरकवण्याच्या पद्धतीला मुळातच काही दुखणी आहेत. खिडकी हलली की सगळं थांबतं. पूर्वी हा डेटा त्या संकेतस्थळाच्या 'क्लिम प्रेड एलआरएफ न्यू' नावाच्या कप्प्यात होता, नंतर तो 'सीएमपीजी' नावाच्या कप्प्यात गेला. माणूस नवं पान शोधून काढतो. जुन्या पत्त्यावर चिठ्ठी सरकवणारा कोड मात्र तिथेच उभा राहतो. ज्याने दोन वर्षांपूर्वी लायब्ररी बसवली आणि अपडेट केली नाही, त्याला वाटतं सर्व्हर बंद आहे.

हे दुखणं एक वेळ परवडलं, निदान लगेच कळतं तरी. दुसरं जास्त वाईट. खिडकीच्या आत गडबड झाली तर बाहेर येणारा कागद फाईल नसून "काहीतरी चुकलं" असं लिहिलेलं वेबपान असू शकतो. त्यावर शिक्का मात्र "सगळं ठीक". वेबच्या भाषेत २०० हा आकडा म्हणजे ठीक. लायब्ररीने नुसता तेवढाच शिक्का बघितला तर ती ते वेबपान १९८३ च्या पावसाच्या नावाने जपून ठेवेल. मग फाईल उघडताना कुठेतरी विचित्र एरर येईल आणि तुम्ही रात्रभर आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसाल.

उपाय एका ओळीचा आहे. फाईल आली की तिचे बाइट मोजायचे. २,५४,२५,९०० नसतील, आणि लीप वर्षाचे २,५४,९५,५६० ही नसतील, तर ती फाईल ठेवायचीच नाही, मोठ्याने ओरडायचं. अशी तपासणी लायब्ररीत आहे की नाही हे मी कुठलीही लायब्ररी वापरताना आधी बघतो. गप्प बसणाऱ्या लायब्ररीपेक्षा भांडकुदळ लायब्ररी कधीही बरी.

एसआयपीवाल्यांची साधी टेक्स्ट फाईल

आता फळ्याचं उदाहरण. तुमच्यापैकी अनेकांची महिन्याची पाचशे-हजाराची एसआयपी चालू असेल. सगळ्या म्युच्युअल फंडांची एनएव्ही 'ॲम्फी' ही मुंबईतली संघटना रोज जाहीर करते, आणि त्यासाठी एक साधी टेक्स्ट फाईल ठेवते. नाव 'नॅव्हऑल'. एका ओळीत एक योजना: कोड, नाव, एनएव्ही, तारीख, मध्ये अर्धविराम. नक्षीकाम शून्य. 'एमएफटूल' नावाची पायथॉन लायब्ररी हीच फाईल आणते आणि तिचे तुकडे करून देते. असा प्रोग्रॅम कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही एका दुपारी लिहू शकतो, आणि अनेकांनी लिहिलेत.

याच्या उलट टोकाला शेअर बाजार. एनएसईच्या संकेतस्थळावरून आकडे आणायचे तर लायब्ररीला आधी मुख्य पानावर जाऊन कुकी घ्यावी लागते, आपण क्रोम ब्राउझर आहोत असं सोंग आणावं लागतं, आणि मग हळूच आकडे मागावे लागतात. या कामासाठीच्या एका लायब्ररीचं नावच 'जुगाड-डेटा' आहे. नाव ठेवणाऱ्याला सलाम, त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

एनएसईला असं का करावंसं वाटतं हे समजू शकतं. बाजारभाव हा त्यांचा विकायचा माल आहे, आणि सेकंदा-सेकंदाला हजारो बॉट येऊन धडकले तर साइट बसेल. १९०१ चा पाऊस मात्र कुणी विकत नाही, आणि तो रोज बदलतही नाही. म्हणजे तो फळ्यावर लिहायच्याच लायकीचा आहे. एनएव्हीसारखी रोज बदलणारी गोष्ट साध्या फाईलमध्ये मिळते आणि सव्वाशे वर्षांपूर्वीचा पाऊस खिडकीत चिठ्ठी सरकवून, हे मला उलटं वाटतं.

आपण एक नक्कल करून ठेवली तर?

हा विचार प्रत्येक हुशार विद्यार्थ्याच्या डोक्यात येतो. सगळ्या फाईली एकदा उतरवायच्या, शिवाजीनगर, नाशिक, लातूर असं ठिकाणानुसार पुन्हा मांडायचं, आणि कुठल्यातरी क्लाउडवर ठेवून द्यायचं. मग लायब्ररी तिथून फक्त दीड केबी आणेल.

तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. मूळ फाईल दिवसानुसार लावलेली आहे: आधी १ जानेवारीचा अख्खा देश, मग २ जानेवारीचा. त्यामुळे पुण्याचे आकडे तिच्यात ३६५ ठिकाणी विखुरलेले असतात, दर ६९,६६० बाइटांनी एक. सर्व्हरने फाईलचा तुकडा मागायची सोय दिली, तरी ३६५ तुकडे मागत बसावं लागेल. तेच आकडे ठिकाणानुसार लावले तर एका मागणीत काम होतं. जगात आता अशीच मांडणी चालू आहे. 'झार' नावाचा फाईल-प्रकार यासाठीच आहे, आणि युरोपचा 'इरा-५' हा हवामानाचा प्रचंड साठा गूगलच्या क्लाउडवर या रूपात मिळतो.

पण नक्कल ठेवणारा कोण? फायनल इयरचा विद्यार्थी नोकरी लागून बंगळुरूला गेला की क्लाउडचं बिल कोण भरणार? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मूळ आकडे सुधारले जातात. उशिरा आलेल्या नोंदी जोडल्या जातात, चुका दुरुस्त होतात. सिमला ऑफिसातली फाईल बदलली आणि नक्कल जुनीच राहिली, तर त्या लायब्ररीच्या वापरकर्त्यांचा पाऊस वेगळा आणि सरकारचा वेगळा. दोघांनाही वाटतंय आपण हवामान खात्याचाच आकडा सांगतोय.

म्हणून नक्कल ठेवायची तर तीन गोष्टी हव्यातच: ती कुठल्या तारखेला काढली, मूळ फाईलचा ठसा काय होता, आणि पुन्हा मूळावर जायचा रस्ता. ठसा म्हणजे 'शा-२५६' सारख्या पद्धतीने काढलेला ६४ अक्षरांचा मजकूर. फाईलमधला एक आकडा जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. ही ६४ अक्षरं हवामान खात्याने स्वतःच फाईलशेजारी छापली, तर कुठलीही नक्कल खरी की खोटी हे क्षणात कळेल.

डेटा लायब्ररीच्या आतच भरून द्यायचा पर्याय सुचवणारेही भेटतात. ३ जीबी? पायथॉनच्या लायब्ररी जिथे ठेवतात त्या 'पायपीआय'ची एका फाईलची नेहमीची मर्यादाच १०० एमबी आहे. विषय संपला.

राहिलं एपीआय. म्हणजे प्रोग्रॅमसाठी खास बनवलेली खिडकी, बहुतेक वेळा ओळखपत्रासकट. ओळखपत्र म्हणजे 'की', एक लांबलचक गुप्त मजकूर. एपीआयला सगळे चांगलं म्हणतात, आणि ताज्या, सारख्या बदलणाऱ्या डेटासाठी ते चांगलं आहेच. पण मोबाईल ॲपमध्ये लपवलेली की गुप्त राहत नाही, एपीके फाईल उघडून ती काढणं अवघड नाही. आणि एपीआयसुद्धा हलतो. युरोपच्या कोपर्निकस हवामान साठ्याने सप्टेंबर २०२४ मध्ये जुनी यंत्रणा बंद करून नवी आणली, तेव्हा जगभरातल्या संशोधकांना पत्ता आणि की दोन्ही बदलावं लागलं. त्यांनी आधी सांगितलं होतं, नव्या यंत्रणेची माहितीही दिली होती. आपल्याकडे कागदावर धोरणांची कमी नाही. डेटा खुला करण्याचं राष्ट्रीय धोरण २०१२ चं, सरकारी एपीआयचं २०१५ चं, खुल्या डेटाचा परवाना २०१७ चा. पत्ता बदलण्याआधी सहा महिने कळवावं असा साधा शिरस्ता मात्र अजून पडायचाय.

'व्हेरिफाय बंद करा' आणि इतर घरगुती औषधं

इथे एक धोक्याची सूचना. सरकारी साइटवरून काही उतरवताना कधीकधी सुरक्षा प्रमाणपत्राची एरर येते. तुम्ही गूगल करता किंवा चॅटबॉटला विचारता, आणि उत्तर मिळतं: 'व्हेरिफाय' बंद करा. खरंच, एरर जाते. पण त्याचा अर्थ काय, तर समोरचा माणूस हवामान खात्याचाच आहे का हे विचारायचं आपण सोडून दिलं. कॅफेच्या फुकट वायफायवर मध्ये बसलेला कुणीही तुम्हाला वाटेल ती फाईल देऊ शकतो. पावसाचे आकडे गुप्त नाहीत हे मान्य, पण खरे तरी हवेत ना? आणि एकदा लागलेली ही सवय उद्या बँकेच्या कोडमध्येही जाते. एखाद्या लायब्ररीच्या आतच हे बंद करून ठेवलेलं असेल, आणि तसं कुठे सांगितलंही नसेल, तर मी ती वापरत नाही.

दुसरं म्हणजे अनेक सरकारी साइट परदेशातून उघडत नाहीत, सायबर हल्ल्यांच्या भीतीने बाहेरचे पत्ते अडवलेले असतात. पुण्याहून जर्मनीला एमएस करायला गेलेल्या मुलीला आपल्याच गावाचा पाऊस मिळत नाही. शिवाय लायब्ररी नीट चालते का हे रोज आपोआप तपासणारे फुकटचे सर्व्हर बहुतेक परदेशातच असतात. म्हणजे पुण्यात सगळं सुरळीत आणि तपासणीत रोज लाल दिवा. मग लिहिणारा कंटाळून तपासणीच बंद करतो, आणि खरंच बिघडतं तेव्हा कुणालाच कळत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या वागण्याची. समजा तुम्ही पावसाचं ॲप काढलंत आणि ते एक लाख लोकांनी घेतलं. प्रत्येकाच्या फोनने थेट सिमला ऑफिसातून एका वर्षाची फाईल आणली, तर अडीच टेराबाइट. तेही सगळं बहुधा जुलैतल्या एकाच संध्याकाळी, जेव्हा मुठा भरून वाहतेय आणि लोकांना खऱ्या इशाऱ्यासाठी तीच साइट उघडायची आहे. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवरच्या एकता नगरीत पाणी शिरलं, त्या दिवशी अख्खं शहर फोनवर पाऊस आणि धरणाचा विसर्ग शोधत होतं. अशा दिवशी फुकटचा सर्व्हर म्हणजे सार्वजनिक नळ. लायब्ररीने एका वेळी एकच फाईल मागावी, मध्ये थांबावं, नकार मिळाला तर पुढच्या वेळी दुप्पट थांबावं, आणि स्वतःचं खरं नाव सांगावं. ॲप बनवणाऱ्याने तर एकदाच आणून आपल्या सर्व्हरवरून लहान तुकडे वाटावेत, वर सांगितलेल्या तीन गोष्टींसकट.

फळ्याची पद्धत असेल तर आणखी एक सोय मिळते. फोन विचारतो, "माझ्याकडे अमुक तारखेची प्रत आहे, बदल झालाय का?" सर्व्हर म्हणतो ३०४, म्हणजे नाही. तेवढ्यावर बोलणं संपतं, शे-दोनशे बाइटांत. रोज सकाळी न्यूज ॲप उघडल्यावर जुने फोटो पुन्हा डाउनलोड होत नाहीत, ते याचमुळे. खिडकीतल्या चिठ्ठीला ही सोय सहसा नसते.

आणलेला पाऊस वाचताना

समजा नीट आणलं. तरी आकडे वाचताना लायब्ररी किती बोलते यावर बरंच काही अवलंबून असतं. जिथे नोंद नाही तिथे पावसाच्या फाईलमध्ये उणे ९९९ लिहिलेलं असतं, तापमानाच्या फाईलमध्ये ९९.९. लायब्ररीने हे गाळलं नाही आणि तुम्ही सरासरी काढलीत, तर एका हुकलेल्या दिवसामुळे जुलैची रोजची सरासरी ३२ मिलिमीटरने घसरते. आणि मे महिन्यात पुण्याचं तापमान ९९.९ अंश. चहा अंगणातच उकळेल.

तारखेचीही एक गंमत आहे. हवामान खात्याचा 'दिवस' सकाळी साडेआठला संपतो. २४ जुलैच्या रात्री पडलेला पाऊस २५ तारखेच्या खात्यात जमा होतो. तुमच्या फोनचा दिवस मध्यरात्री बदलतो, त्यामुळे दोन ॲपमध्ये एका दिवसाचा फरक दिसला तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका.

आणि चौकोन. तुम्ही "पुणे" म्हणालात की लायब्ररी सगळ्यात जवळचा चौकोन उचलते. शिवाजीनगर आणि सिंहगड रोड ७३.७५ रेखांशाच्या चौकोनात येतात, पण हडपसर, खराडी, विमाननगर पलीकडच्या ७४ च्या चौकोनात जातात. पश्चिमेला ७३.५ च्या चौकोनात ताम्हिणी आहे, जिथे पावसाचं गणितच वेगळं. म्हणजे एकाच शहरातले दोन मित्र, दोघांनीही एकच लायब्ररी वापरली, दोघांनीही "पुण्याचा" ग्राफ टाकला, आणि दोन्ही ग्राफ वेगळे आले, तर दोघंही बरोबर असू शकतात. लायब्ररीने निदान "मी अमुक चौकोन घेतला" एवढं छापायला हवं.

माझ्या मते हवामान खात्याने करायचं काम अगदी छोटं आहे. आहे तो फॉर्म राहू दे, त्याच्या शेजारी वर्षानुसार साध्या फाईली कायमच्या पत्त्यावर, प्रत्येकीचा ठसा, आणि ठिकाणानुसार लावलेली आणखी एक प्रत. सगळं मिळून पाच-सात जीबी. अर्काजवळ ३३ पेटाबाइटचा साठा आहे, यातला हा भाग कुणाला दिसणारही नाही. एवढं झालं तर आयएमडीलिबसारख्या लायब्ररीतला निम्मा कोड काढून टाकता येईल, आणि बीडमधला एखादा मुलगा स्वस्तातल्या फोनवर आपल्या तालुक्याच्या चौकोनाची १२४ वर्षं काही सेकंदांत उघडू शकेल. तोपर्यंत लायब्ररी लिहिणाऱ्यांनी मूळ खिडकीतूनच आणावं, एकदाच आणावं, बाइट मोजावेत, आणि काय आणलं ते तारखेसकट सांगावं.

स्वतः करून बघायचं असेल तर फोनवरही जमतं. ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा, आयएमडीलिब बसवा, आणि सुरुवातीला फक्त एकच वर्ष मागा. फाईलच आली नाही तर कोलॅबचा सर्व्हर बहुधा परदेशात आहे हे लक्षात घ्या, आणि तेच घरच्या लॅपटॉपवर करा. आली तर आधी तिचे बाइट मोजा, मग १८.५ अक्षांशावर ७३.५, ७३.७५ आणि ७४ असे तीन चौकोन शेजारी शेजारी मांडून बघा. ताम्हिणीपासून हडपसरपर्यंत पाऊस कसा उतरत जातो ते त्या तीन रेघांत दिसेल.